ईशान्येला पाणी, पण डीपी कुठंय?

येवल्यात पैठणी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी पदर उलटा करतं. पुढून मोर कितीही डौलदार दिसला तरी त्यावर भाळायचं नसतं, हे त्याला कुणीतरी घरून निघताना सांगितलेलं असतं. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागं धागे लोंबत असतील तर मोर यंत्राचा. दुकानदारही न सांगता पदर उलटून दाखवतो. दहा-वीस मोर पाहून, नाकं मुरडून, चहा पिऊन झाल्यावर हेच चोखंदळ गिऱ्हाईक विंचूर चौफुलीवरून गाडी वळवतं आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून एखादा जमिनीचा तुकडा पाहायला जातं. तिथं मात्र ते बांधावर उभं राहतं, लांबवरचा अनकाईचा किल्ला पाहतं, एक लांब श्वास घेतं आणि म्हणतं, “काय हवा आहे हो!” सौदा तिथंच निम्मा होतो. काही हजारांच्या साडीला उलटून पाहणारा माणूस काही लाखांच्या जमिनीला फक्त पुढून पाहतो. आणि हवा ही एकच गोष्ट अशी आहे, की जिच्यासाठी कुठंही अर्ज करावा लागत नाही.

जमीन घेताना लोक काहीच तपासत नाहीत असं नाही. उलट इतकं तपासतात की बघणाऱ्याला धाप लागावी. प्लॉट पूर्वमुखी आहे का, गोमुखी आहे की व्याघ्रमुखी, दक्षिणेला उतार तर नाही ना, समोर वळणाचा रस्ता अंगावर येत नाही ना. मग वास्तूचा जाणकार होकायंत्र घेऊन येतो आणि बोअर ईशान्येलाच मारा, असं बजावतो. आता येवल्याच्या जमिनीखाली जो काळा पाषाण आहे, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झाला. त्या काळी ईशान्य होती, पण तिचं महत्त्व लाव्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी त्या खडकाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात असतं. भेग नैर्ऋत्येला असली तर पाणी नैर्ऋत्येला, आणि भेग शेजाऱ्याच्या गटात असली तर पाणी शेजाऱ्याचं. शास्त्राने आठ दिशांना आठ दिक्पाल नेमले. विजेच्या रोहित्राची, म्हणजे ज्याला सगळा महाराष्ट्र डीपी म्हणतो त्याची, नववी दिशा सांगायची तेवढी राहून गेली. खेड्यातल्या घराचं बरंवाईट मात्र तीच ठरवते.

माझं म्हणणं सरळ आहे. खेड्यात घर बांधायचं तर पाणी, वीज, रस्ता आणि सांडपाणी यांचा शोध इसार देण्याच्या आधी घ्यावा, आणि बाकी सगळं, त्यात नकाशा, मुहूर्त आणि गच्चीवरचा झोपाळासुद्धा आला, त्यानंतर. हे कुणालाही पटतं, पण करत कुणी नाही. याचं कारण आळस नसावं. मुहूर्त चुकला तर दुसरा काढता येतो, वास्तुदोष निघाला तर त्यावर यंत्र, पिरॅमिड, तांब्याची पट्टी असे तोडगे असतात. त्या सगळ्या चौकशांची उत्तरं शेवटी ‘हो’कडेच झुकतात. वायरमनला विचारलं तर तो ‘नाही’ म्हणू शकतो, आणि त्या ‘नाही’वर शांत करता येत नाही. माणूस ज्याच्याकडून नकार येण्याची शक्यता आहे त्याला शेवटी विचारतो. लग्न जमवताना आपण हेच करतो, पण तो वेगळा लेख होईल.

यात विकणाऱ्याची चतुराई असते ती हंगामाची. येवला पर्जन्यछायेतला तालुका. त्याच जिल्ह्यात इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस कोसळतो आणि इथं सरासरी पाचशेच्या आसपास रेंगाळते. पण दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत हाच तालुका असा काही नटतो की पाहत राहावं. विहिरींना पाणी, रानात कांद्याची लागण, मक्याची कणसं, रस्त्यावर ना चिखल ना फुफाटा. जमिनी दाखवल्या जातात त्या याच दिवसांत. “साहेब, विहीर बघा ना, हात घातला तर पाणी लागतंय,” असं एजंट म्हणतो आणि ते खरंही असतं. तो फक्त महिना सांगत नाही. तीच विहीर मे महिन्यात पाहिली तर तळाशी मोटारीचा पाइप, दोन खडक आणि एक विचारमग्न बेडूक एवढाच ऐवज दिसतो.

तालुक्याचा ईशान्य आणि पूर्वेकडचा भाग, राजापूर-ममदापूरची बाजू, उन्हाळ्यात टँकरच्या यादीत असतो हे दरवर्षी वर्तमानपत्रात येतं. टँकर येतो म्हणजे काय होतं, हे शहरातल्या वाचकाला डोळ्यांसमोर येत नाही. त्याला वाटतं, टँकर सोसायटीत येतो तसा येतो, पाइप टाकीत सोडतो आणि जातो. इथं टँकर गावाच्या विहिरीच्या कठड्याला मागची बाजू लावतो, झडप उघडतो आणि सगळं पाणी धो धो विहिरीत ओततो. मग कठड्याभोवती दोर-पोहरे सज्ज झालेल्या बाया तेच पाणी परत वर ओढतात, मातीसकट. टंचाईच्या काळात माणशी दिवसाला वीस लिटर हे सरकारी माप. शहरातला पाहुणा आंघोळीला लागणाऱ्या गरम पाण्याची वाट पाहताना एवढं पाणी नळाखाली सोडून देतो. आणि हे वीस लिटरसुद्धा यादीतल्या गावाला, वाडीला, वस्तीला. गटाच्या मधोमध एकट्या उभ्या असलेल्या ‘विसावा’ नावाच्या बंगल्याची वस्ती म्हणून गणना होत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं : “अहो, योजना आहे ना!” आहे. येवल्याची 38 गावांची पाणीपुरवठा योजना प्रसिद्धच आहे आणि टंचाईच्या तालुक्यात तिचं मोल मोठं आहे. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेलं जलजीवन मिशन तर घरोघर नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी असं म्हणतं. पण प्रश्न योजना आहे का हा नसतोच. तुमच्या गटापासून जलवाहिनी किती लांब आहे, टाकीच्या पातळीपेक्षा तुमची जागा वर आहे की खाली, आणि शेवटच्या घराला पाणी किती दिवसांआड पोचतं, हा असतो. गाव योजनेत असतं, मळा नसतो. तीच गोष्ट पालखेडच्या डाव्या कालव्याची. दिंडोरी तालुक्यातल्या कादवेवरच्या धरणातून निघालेलं पाणी निफाड ओलांडून येवल्याला येतं, म्हणजे पंगतीत आपण शेवटच्या पाटावर. आवर्तन सुटलं की पाट वाहतो, बंद झालं की कोरडा. “कॅनॉल टच” असं जाहिरातीत लिहिलेल्या प्लॉटला वर्षातले बरेच दिवस जे टच होतं ते कालव्याचं कोरडं अस्तर असतं. शिवाय आवर्तन चालू असलं तरी कालव्यात घरची मोटार टाकायची नसते, हे जाहिरातीत लिहायला जागा पुरत नाही.

राहिली बोअर. बोअरच्या आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ, हळूहळू पावलं, आणि एका ठिकाणी नारळ ताडकन उभा राहतो. या विद्येला कमी लेखायचं असेल तर जरा जपून, कारण सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचं अख्खं प्रकरण भूजलावर लिहिलं आहे. पण त्यात नारळ उभा राहत नाही. कोणतं झाड कुठं आहे, जवळ वारूळ आहे का, मातीचा रंग काय, खाली कोणता दगड लागेल, असं सगळं पाहायला तो सांगतो. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचा ज्योतिषी जमिनीकडे पाहा म्हणतोय आणि आजचा बी.ई. झालेला घरमालक नारळाकडे पाहतोय. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे; तिचे भूवैज्ञानिक आहेत, निरीक्षण विहिरी आहेत, नोंदी आहेत. पण ते लोक ‘शक्यता मध्यम’ असं लिहून देतात. नारळ असं गुळमुळीत बोलत नाही.

मग तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेची बोअरची गाडी येते. एवढ्या लांबून आलेल्या त्या पोरांना मराठीतले मोजके शब्द येतात. ‘फूट’ आणि ‘पैसा’ त्यात नक्की असतात. घरचे सगळे खुर्च्या टाकून बसलेले. दीडशे फुटांपर्यंत पांढरा धुरळा, दोनशेला जरा ओलसर, सगळे उठून उभे, अडीचशेला परत धुरळा. आणि इथून पुढं माणूस थांबत नाही, कारण आधीचे अडीचशे फूट वाया गेले असं मान्य करण्यापेक्षा आणखी शंभर फुटांचे पैसे देणं मनाला सोपं जातं. 60 मीटरपेक्षा खोल जाण्यावर महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने बंधनं घातली आहेत आणि सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आतही आडकाठी आहे, हे त्या धुरळ्यात कुणाला दिसत नाही. शेजारच्या चार मळ्यांत जाऊन “भाऊ, तुमची बोअर किती फूट, आणि मार्चनंतर किती वेळ चालते?” एवढं विचारलं असतं तर त्या गाडीचं डिझेलही वाचलं असतं. शेतकरी या प्रश्नाचं उत्तर बहुधा खरं देतो. फेल गेलेली बोअर ही लपवायची गोष्ट नसते, सांगायची असते.

विजेचं प्रकरण याहून गमतीचं आहे, कारण वीज दिसते. डोक्यावरून तारा गेलेल्या असतात आणि एजंट बोट वर करून “लाइट तर डोक्यावरच आहे” म्हणतो. डोक्यावरून अकरा हजार व्होल्टची लाइन गेलेली असणं आणि घरात दिवा लागणं यांत एका रोहित्राचं, काही खांबांचं आणि एका कोटेशनचं अंतर असतं. त्या तारेतून थेट चहा होत नाही. बरं, लघुदाबाची लाइन असली तरी ती कोणत्या फीडरची? महावितरणने बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा केला. शेतीच्या फीडरला थ्री फेज पुरवठा दिवसातून आठ तास, आणि तोही काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शेतातली मोटार ऑटोवर टाकून शेतकरी झोपतो. लाइट आली की ती आपली आपण सुरू होते. फ्रीज, मिक्सर आणि वर्क फ्रॉम होम करणारी सूनबाई यांना ऑटोवर टाकता येत नाही. मधल्या वेळात सिंगल फेज मिळेल की नाही, आणि मिळाली तर तिच्यावर पंखा फिरेल की नुसता विचार करेल, हे त्या-त्या लाइनवर आहे. हे कळायला महावितरणच्या सेक्शन ऑफिसात तासभर घालवावा लागतो, किंवा जवळच्या घरी जाऊन रात्री आठ वाजता दहा मिनिटं बसावं लागतं.

येवलेकरांना खरं तर तारा पाहायची सवय आहे. संक्रांतीचे तीन दिवस सगळं गाव गच्चीवर, हातात मांज्याची आसारी आणि नजर आभाळातल्या पतंगावर. कुठली तार कुठून कुठं जाते हे पतंग उडवणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला पाठ असतं. त्याला सोबत नेलं तर तोही सांगेल की या गटाच्या दोन फर्लांगांत खांब नाही. पण तो मोठा झाला की त्यालाही पूर्वमुखी प्लॉट हवा असणार.

इथं कायदा जाणणारे हरकत घेतात, आणि ती रास्त आहे. वीज अधिनियम 2003 च्या कलम 43 प्रमाणे मागेल त्याला वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत 2024 साली दुरुस्ती होऊन ग्रामीण भागात नव्या जोडणीची मुदत 30 दिवसांवरून 15 दिवसांवर आली. तेव्हा आधी चौकशी कशाला, अर्ज करायचा आणि हक्काने वीज घ्यायची! पण ही मुदत खांब शेजारी उभा असलेल्याला. लाइन वाढवावी लागत असेल, रोहित्राची क्षमता संपलेली असेल, तर आधी ते काम आणि मग तुमची जोडणी, असंच कायदाही म्हणतो. काम लवकर हवं असेल तर स्वखर्चाने खांब उभे करण्याची वाट असते, आणि त्या खर्चाचा आकडा पाहिल्यावर गावातलं पत्र्याचं जुनं घर एकदम देखणं दिसू लागतं. त्यात खांब दुसऱ्याच्या बांधावरून न्यायचे असले तर त्या दुसऱ्याची संमती लागते. ज्याच्या वडिलांशी आपल्या वडिलांचं 1972 च्या दुष्काळापासून बोलणं नाही, नेमका त्याचाच बांध मधे येतो.

बांध म्हटलं की रस्ता आलाच. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, क्षेत्र असतं, पीक असतं, बोजा असतो. तिथं जायचं कसं, ते बहुतेक वेळा नसतं. एजंट ज्या वाटेने गाडी नेतो ती वहिवाटीची वाट आहे की ज्याच्या शेतातून ती जाते त्याच्या मेहरबानीची, हे त्या माणसाशी भांडण होईपर्यंत कळत नाही. गाव नकाशात शिवरस्ता आणि गाडीवाट दाखवलेली असते, ती आधी पाहावी. रस्ता नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागता येते आणि असलेली वाट कुणी अडवली तर 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. 2025 च्या मे महिन्यात सरकारने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असंही ठरवलं. हे सगळं उत्तम आहे. मात्र 1906 चा कायदा आजही कामाला येतो, यावरून शेतरस्त्याची भांडणं किती मुरलेली आहेत ते समजावं. आणि कागदावर मिळालेल्या रस्त्यालाही ऑगस्टमध्ये काळ्या मातीचं म्हणणं विचारावं लागतं. सिमेंटची गाडी बैलगाडीच्या चाकोरीत फसली की ती ओढायला ट्रॅक्टर लागतो, आणि ट्रॅक्टरवाला त्या दिवशी जो भाव सांगेल तो बाजारभाव.

सांडपाण्याबद्दल कुणी बोलतच नाही, कारण वास्तूच्या पूजेत त्याला जागा नाही. मुरमाच्या जमिनीत शोषखड्डा चांगला चालतो, चिकण काळ्या मातीत तो पाणी शोषत नाही, नुसता भरतो. शौचालयाचा खड्डा आणि पिण्याची विहीर यांच्यात निदान पन्नास फुटांचं अंतर ठेवावं. भेगाळ खडकात त्याहूनही जास्त बरं. दहा गुंठ्यांत ईशान्येला बोअर, वायव्येला खड्डा, आणि शेजाऱ्याचा खड्डा नेमका आपल्या ईशान्येला लागून, अशी दिशांची गाठ पडली की शास्त्र दोघांच्याही बाजूने असतं, पण पाणी एकच.

सर्वांत आधुनिक हरकत अशी, की आता या सगळ्याची गरजच काय? छपरावर सोलर, खाली पावसाच्या पाण्याची टाकी, आणि आपण स्वयंपूर्ण. हिशोब करून पाहू. हजार चौरस फुटांचं छप्पर आणि पाचशे मिलिमीटर पाऊस धरला, थोडं वाया जाणारं सोडलं, तर वर्षाकाठी 37 हजार लिटरच्या आसपास पाणी जमतं. पाच माणसांना माणशी 55 लिटर धरले तर रोजचे 275. म्हणजे साधारण साडेचार महिने. उरलेले साडेसात महिने स्वयंपूर्णता टँकरने मागवावी लागते. सोलरची तऱ्हा आणखी वेगळी. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते ग्रिडला जोडलेल्या संचाला. त्यासाठी वीज कंपनीचा ग्राहक क्रमांक लागतो, म्हणजे वीज नको म्हणून सोलर घ्यायला आधी वीज घ्यावी लागते. आणि असा संच लाइट गेली की सुरक्षिततेसाठी स्वतःही बंद पडतो. भर दुपारी रखरखीत ऊन, छपरावर चकचकीत पॅनेल आणि खाली पुठ्ठ्याने वारा घेणारा मालक, हे दृश्य त्यामुळे शास्त्रशुद्ध आहे. बॅटरीचा संच घेता येतो, जरूर घ्यावा, पण त्याचा खर्च घराच्या अंदाजपत्रकात आधीच लिहावा.

एक हरकत मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. ज्याची जमीनच तिथं आहे, वाटण्या होऊन ज्याच्या वाट्याला तोच गट आला आहे, त्या शेतकऱ्याने निवड कुठून करायची? गावातल्या घरात तीन भाऊ मावत नाहीत, जनावरं मळ्यात, रात्रीचं पाणी मळ्यात. त्याने घर तिथंच बांधायचं. खरं आहे. पण त्यालाही आपल्या तीन एकरांत घर कुठल्या कोपऱ्यात घ्यायचं हे ठरवता येतं. विहिरीशेजारी आतल्या टोकाला घर घेतलं तर खांब पाच लागतात, रस्त्याच्या कडेला घेतलं तर एक. आधीची माणसं हा विचार करतच होती. भीमेच्या खोऱ्यात घोड नदीच्या काठी इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती डेक्कन कॉलेजने खणून काढली; तिथल्या लोकांनी पाण्याशेजारी घरं बांधली आणि पाण्यासाठी चारीही काढली, कुणाचा ना हरकत दाखला नसताना. आपली गावठाणं तशीच पाणी आणि वाट पाहून वसली. मळ्यात पांगणं आलं ते विजेची मोटार आल्यावर. कायदाही गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीला बिनशेतीच्या परवानगीत सवलत देतो, कारण सोयी तिथवर पोचतात हे कायदा करणाऱ्यालाही ठाऊक आहे.

तेव्हा जमीन पाहायला जायचंच असेल तर मे महिन्यात जा, दुपारी जा, आणि पुन्हा एकदा ऑगस्टात पाऊस पडून गेल्यावर जा. जवळात जवळच्या घराचं वीजबिल मागून घ्या. त्यावर रोहित्राचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो, तो घेऊन सेक्शन ऑफिसात जा आणि त्या डीपीवर आणखी भार बसतो का आणि ती कोणत्या फीडरवर आहे, हे दोनच प्रश्न विचारा. तलाठ्याकडे गाव नकाशा पाहा, ग्रामपंचायतीत जलवाहिनी कुठवर आली आहे ते विचारा. या सगळ्याला दोन दिवस आणि थोडं पेट्रोल लागतं. इसार पावतीवर सही त्यानंतर करा; एजंट म्हणेल, “साहेब, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय,” तर त्याला घेऊ द्या.